सर्दी, सायनस की अ‍ॅलर्जी? रंगाआधी दिवस मोजा

प्रश्न थोडक्यात असा: "वर्षातून सात-आठ वेळा तरी नाक बिघडतं. कधी दोन दिवसांत आवरतं, कधी तीन-तीन आठवडे चालतं. शेंबूड हिरवा झाला की मी अँटिबायोटिक घेते, दोन-तीन दिवसांत बरं वाटतं, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. कपाळ आणि गाल दुखतात म्हणून कुणी सायनस म्हणतं, सकाळी शिंकांवर शिंका येतात म्हणून कुणी अ‍ॅलर्जी. नेमकं काय आहे हे कसं ओळखायचं?"

रंग, कपाळ आणि शिंका या तीन खुणांवरून बहुतेक लोक निदान करतात, आणि फसतात. नाकाकडे तक्रार करायचे मार्गच मोजके आहेत: वाहणं, चोंदणं, शिंकणं आणि आजूबाजूला दुखणं. विषाणू असो, जिवाणू असो की धूळ, नाक याच चार गोष्टी करणार. म्हणून समोर बसलेल्या माणसाला मी आधी काय होतंय ते फारसं विचारत नाही. कधी सुरू झालं, तिसऱ्या दिवशी कसं होतं, आठव्या दिवशी कसं होतं, मधे एखादा दिवस पूर्ण मोकळा गेला का, हे विचारतो. निम्म्याहून अधिक उत्तर तिथेच मिळतं, नाकात दिवा घालून बघायच्या आधी.

साध्या सर्दीला एक ठरलेला चढउतार असतो. विषाणू शिरल्यावर १ ते ३ दिवसांत घसा खवखवतो, अंगात कणकण येते. मग नाक पाण्यासारखं गळतं, शिंका येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त. त्यानंतर गळणं कमी होऊन नाक चोंदायला लागतं, शेंबूड घट्ट होतो, पिवळट किंवा हिरवट दिसतो, आणि ७ ते १० दिवसांत सगळं ओसरतं. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो, त्याने घाबरू नये. प्रौढांना ताप बहुधा नसतो, असला तर बारीक. अचानक चढलेला मोठा ताप, सगळं अंग मोडून येणं, अंथरुणातून उठवत नाही अशी अवस्था असेल तर फ्लूचा विचार करावा लागतो. कोविड मात्र हल्ली साध्या सर्दीसारखाच दिसू शकतो, तो फक्त चाचणीनेच वेगळा काढता येतो. सर्दी करणारे विषाणू अनेक, त्यातल्या एकट्या रायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार. एकाशी लढून झालं म्हणजे दुसऱ्यापासून सुटका नाही, म्हणून प्रौढ माणसाला वर्षात २-३ आणि लहान मुलाला ६-८ सर्द्या होणं अगदी नेहमीचं आहे.

आता रंग. हिरवा शेंबूड म्हणजे जंतू झाला, आता अँटिबायोटिक हवंच, हा समज इतका घट्ट बसलाय की तो काढायला मला कधीकधी तपासणीपेक्षा जास्त वेळ लागतो. हिरवा रंग जंतूंचा नसतो, तो आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. संसर्गाच्या जागी धावून येणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींमध्ये मायलोपेरॉक्सिडेज नावाचं लोह असलेलं एन्झाइम असतं, आणि ते मुळातच हिरवट असतं. पेशी जास्त जमल्या, शेंबूड रात्रभर साचून राहिला, की सकाळी पहिल्यांदा नाक शिंकरल्यावर रंग गडद दिसतो. विषाणूच्या सर्दीतही हे घडतं, बहुतेकांना चौथ्या-पाचव्या दिवशी घडतंच.

तुमच्या अँटिबायोटिकच्या अनुभवाचं कोडंही इथेच सुटतं. शेंबूड पाचव्या दिवशी हिरवा होतो, तुम्ही गोळी सुरू करता, आठव्या दिवशी बरं वाटतं. सर्दी आठव्या दिवशी तशीही जाणारच होती. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. श्रेय मात्र गोळीला मिळतं, आणि पुढच्या वेळी हात आपोआप त्याच पाकिटाकडे जातो.

सायनस म्हणजे गालांच्या हाडांत, कपाळात, डोळ्यांच्या मधे आणि नाकाच्या पार मागे असलेल्या हवेच्या पोकळ्या. चार जोड्या. त्यांची दारं बारीक असतात आणि नाकात उघडतात. नाकाचं अस्तर सुजलं की दारं बंद होतात, आतला स्राव अडकतो, जडपणा येतो. हे साध्या सर्दीतसुद्धा होतं, थोडंथोडकं नव्हे तर जवळपास प्रत्येकाला. १९९४ साली एका अभ्यासात नुकतीच सर्दी झालेल्या ३१ तरुण प्रौढांचे सीटी स्कॅन काढले होते. त्यातल्या ८७ टक्के लोकांच्या गालांतल्या सायनसमध्ये बिघाड दिसला. ज्यांचे स्कॅन दोन आठवड्यांनी पुन्हा काढले त्यांच्यातल्या बहुतेकांचे अँटिबायोटिक न घेताच निवळलेले होते. म्हणून चौथ्या दिवशी एक्स-रे किंवा स्कॅन काढून "सायनसमध्ये पाणी आहे" असं कुणी सांगितलं, तर ते खरं असतं आणि तरीही त्याने निदान पुढे सरकत नाही.

जिवाणूंचा खरा सायनस संसर्ग प्रौढांमध्ये शंभर सर्द्यांमागे जेमतेम एक-दोनदा होतो. मुलांमध्ये थोडा जास्त. तो ओळखायला डॉक्टर तीन नमुने बघतात, आणि हे तिन्ही दिवसांवरच उभे आहेत. पहिला: १० दिवस उलटले आणि सुधारणा अजिबात नाही. "पूर्ण बरं वाटत नाही" असं नव्हे. दहाव्या दिवशी पाचव्या दिवसाइतकाच त्रास आहे, असं. दुसरा: सुरुवातच जोरात, १०२ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आणि सोबत पूसारखा शेंबूड किंवा चेहरा दुखणं, सलग ३-४ दिवस. तिसरा माझ्या मते सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित: पाच-सहा दिवसांत बरं वाटायला लागलं होतं, आणि अचानक उलट फिरलं. पुन्हा ताप, पुन्हा डोकं, शेंबूड पहिल्यापेक्षा जास्त. सर्दी एकदा उतरायला लागली की सहसा पुन्हा चढत नाही. चढली तर मागून कुणीतरी दुसरं आलंय असं समजायचं.

जोडीला आणखी काही खुणा असतील तर संशय पक्का होतो. दुखणं एकाच बाजूच्या गालात जास्त, वरच्या दाढांमध्ये ठणका, पुढे वाकल्यावर कळ वाढणं, तोंडाला घाण चव. वरच्या दाढांची मुळं गालातल्या सायनसच्या तळाला अगदी लागून असतात, त्यामुळे हा मार्ग उलटाही चालतो: किडलेल्या दाढेतून सायनसला पू होतो. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड बरेच दिवस येत असेल तर मी रुग्णाला दातांच्या डॉक्टरकडेही पाठवतो. लहान मुलात हेच दिसलं तर आधी नाकात मणी, बी, खोडरबराचा तुकडा असं काही अडकलंय का ते बघायचं.

जिवाणूंचा संसर्ग ठरला तरी अँटिबायोटिक त्याच क्षणी लागतंच असं नाही. तब्येत बरी असेल, ताप मोठा नसेल आणि पुन्हा दाखवायला येणं शक्य असेल तर काही दिवस थांबून बघणंही मान्य आहे, कारण यातलेही बरेच संसर्ग आपोआप बरे होतात. द्यायचं ठरलंच तर सुरुवात बहुधा अमॉक्सिसिलिनने, एकट्याने किंवा क्लॅव्ह्युलॅनेटसोबत. तीन दिवसांची म्हणून लोकप्रिय असलेली अझिथ्रोमायसिन यासाठी पहिली निवड नाही. सायनसमधले नेहमीचे जंतू तिला बऱ्याच प्रमाणात दाद देत नाहीत. उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवून पुढच्या वेळी घेणं तर बंदच करा.

कपाळ दुखण्याबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. "माझं सायनसचं डोकं आहे" असं सांगत येणाऱ्या लोकांपैकी पुष्कळांना प्रत्यक्षात मायग्रेन असतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असं मानणाऱ्या सुमारे ३,००० जणांना तपासलं, तेव्हा ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या प्रकारात बसली. गोंधळ साहजिक आहे, कारण मायग्रेनमध्येही नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, गालांवर दाब वाटतो आणि हवामान बदललं की डोकं उठतं. फरक असा की मायग्रेनमध्ये मळमळ होते, उजेड आणि आवाज नकोसा होतो, अंधाऱ्या खोलीत पडून राहावंसं वाटतं, दुखणं काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत पूर्ण जातं, आणि घट्ट शेंबूड नसतो. नाक स्वच्छ आणि कपाळ मात्र महिन्यातून दोनदा ठणकतंय, असं असेल तर नाकाच्या औषधांवर पैसे घालवू नका.

अ‍ॅलर्जीची सगळ्यात बोलकी खूण म्हणजे खाज. नाकाला, डोळ्यांना, टाळूला, कधी कानाच्या आत. सर्दीत घसा दुखतो, अ‍ॅलर्जीत टाळू खाजते आणि माणूस जिभेने ती घासत बसतो. शिंका एक-दोन नसतात. आठ-दहांची माळ लागते. नाकातून येणारं पाणी पातळ आणि स्वच्छ असतं. ताप नसतो. असला तर अ‍ॅलर्जी हे उत्तर नव्हे, किंवा एकटं अ‍ॅलर्जी हे उत्तर नव्हे. डोळे लाल होऊन दोन्हींतून पाणी येणंही अ‍ॅलर्जीकडे बोट दाखवतं. मुलांमध्ये चेहराच सांगतो: डोळ्यांखाली काळसर छटा, आणि तळहाताने नाक सतत वर चोळून नाकाच्या शेंड्याच्या वर पडलेली आडवी रेघ. घरात कुणाला दमा, इसब किंवा असाच शिंकांचा त्रास असेल तर शक्यता आणखी वाढते.

आणि पुन्हा, दिवस. अ‍ॅलर्जीला सर्दीसारखा चढउतार नसतो. कारण समोर आलं की काही मिनिटांत सुरू, दूर झालं की बऱ्याचदा काही तासांत कमी. मात्र ४ ते ८ तासांनी एक दुसरी लाट येऊ शकते, तिच्यात शिंकांपेक्षा नाक चोंदणं जास्त. म्हणून दुपारी माळा झाडला आणि रात्री नाक बंद झालं, तर दोन्हींचा संबंध लोकांच्या लक्षात येत नाही. कारण सतत आजूबाजूला असेल तर त्रास आठवडेच्या आठवडे एकाच पातळीवर राहतो. ठरावीक महिन्यांतच होत असेल तर परागकणांचा संशय घ्यायचा. वर्षभर, विशेषतः अंथरुणातून उठताना होत असेल तर धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचा. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत, गाद्या-उशांमध्ये राहतात, आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात, आणि त्रास देते ती त्यांची विष्ठा. दमट हवा त्यांना मानवते. पाळीव मांजराची गोष्ट आणखी चिवट: मांजर घरातून गेल्यावरही त्याची प्रथिनं गालिच्यांत आणि पडद्यांत महिनोन्‌महिने राहतात. "मांजर तर गेलं, मग अजून का शिंकतोय?" याचं उत्तर तेच.

आत काय घडतं ते समजलं तर औषधांचा हिशेबही समजतो. निरुपद्रवी गोष्टीला शरीर शत्रू समजतं आणि तिच्याविरुद्ध आयजीई प्रकारची प्रतिपिंडं तयार करून नाकाच्या अस्तरातल्या मास्ट नावाच्या संरक्षक पेशींवर बसवून ठेवतं. ती गोष्ट पुन्हा आली की पेशी हिस्टामिन सोडतात: खाज, शिंका, पाणी. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन या गोळ्या हिस्टामिनला अडवतात, म्हणून खाज आणि शिंकांवर त्या चांगल्या चालतात. चोंदलेल्या नाकावर त्यांचं फारसं चालत नाही, कारण तिथे अस्तराची सूज असते. त्यासाठी स्टेरॉइडचा नाकात मारायचा स्प्रे लागतो. नाव ऐकून लोक दचकतात, पण नाकातल्या स्प्रेमधून रक्तात जाणारी मात्रा अगदी थोडी असते. त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे रोज वापरावा लागतो. "दोन दिवस मारला, काही झालं नाही" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता चिठ्ठीवरच लिहून देतो. मारायची पद्धतही महत्त्वाची: उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नको, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे ठेवायचं. पडद्यावर मारत राहिलात तर नाकातून रक्त येतं आणि तुम्ही स्प्रेच सोडून देता.

याच्या उलट, नाक लगेच मोकळं करणारे थेंब. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन. मिनिटांत गुण, आणि तोच सापळा. ३ ते ५ दिवसांच्या पुढे वापरलं की औषध उतरल्यावर नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब. काही महिने असं चाललं की माणूस बाटली उशाशी घेऊन झोपतो आणि मूळ आजार कोणता होता ते कुणालाच सांगता येत नाही. तुम्ही असे थेंब वापरत असाल तर डॉक्टरांना ते आधी सांगा. या एका माहितीने सगळं चित्र बदलतं.

खाज नाही, ताप नाही, पण थंड हवेत, उदबत्तीच्या किंवा अत्तराच्या वासाने, तिखट खाताना नाक गळतं, असेही पुष्कळ लोक असतात. अ‍ॅलर्जीच्या चाचण्या कोऱ्या येतात, म्हणजे काहीच सापडत नाही. ही अ‍ॅलर्जी नव्हे, नाकाच्या नसांचा हळवेपणा आहे. आणि आडवं पडल्यावर आधी एक, मग दुसरी नाकपुडी बंद होते, ही तक्रार तर बहुतेक वेळा आजारच नसतो. निरोगी माणसाच्याही नाकपुड्या दर काही तासांनी आळीपाळीने थोड्या चोंदतात, एरवी लक्षात येत नाही इतकंच.

आता तुमच्याबद्दल, न तपासता जेवढं म्हणता येईल तेवढं. दोन दिवसांत पूर्ण आवरणारं नाक सहसा सर्दीचं नसतं. सर्दी इतक्या लवकर सोडत नाही. सकाळच्या शिंकांच्या माळा त्याच बाजूला नेतात. तेव्हा मुळात अ‍ॅलर्जी, आणि तिच्यावर अधूनमधून बसणारी खरी सर्दी, असं मला वाटतं. हे दोन्ही एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे. अ‍ॅलर्जीने अस्तर आधीच सुजलेलं, त्यात विषाणू आला की दारं लवकर बंद होतात आणि सर्दी तीन आठवडे ओढली जाते. मात्र नाक चोंदणं, घट्ट शेंबूड, चेहऱ्यावर दाब आणि वास न येणं यांतलं काही सलग १२ आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर तो दीर्घकालीन सायनसचा आजार असू शकतो. त्यात दुर्बिणीने नाक आतून बघावं लागतं. नाकात मांसल वाढ आहे का ते तेव्हाच कळतं. सीटी स्कॅनची खरी जागाही इथे आहे.

पुढचे दोन महिने एक साधी नोंद ठेवा. त्रास सुरू झाल्याची तारीख, खाज आहे का, ताप मोजून किती, तिसऱ्या, सातव्या आणि दहाव्या दिवशी आदल्यापेक्षा बरं की वाईट, घरात दुसऱ्या कुणाला सर्दी आहे का, आदल्या दिवशी कुठे होतात आणि काय झाडलं-पुसलं, कोणतं औषध घेतलं. शेंबडाचा रंग लिहायचा मोह झाला तर लिहा, पण त्यावरून काही ठरवू नका.

दरम्यान मिठाच्या पाण्याने नाक धुणं तिन्ही आजारांत चालतं. पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच हवं, थेट नळाचं नको. क्वचित का होईना, नळाच्या पाण्यातल्या एका अमीबाने अशा धुण्यातून मेंदूचा जीवघेणा संसर्ग झालेला आहे. वाफेने थोडा वेळ मोकळं वाटतं, आजार लवकर जात नाही, आणि उकळत्या पाण्याचं भांडं कलंडून मुलं भाजतात. मुलांना वाफ देऊच नका. नाक मोकळं करायला पोटात घ्यायच्या सर्दीच्या अनेक गोळ्यांत फिनाइलएफ्रिन असतं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने ते तोंडाने घेतल्यावर चोंदलेल्या नाकावर उपयोगी नाही असं एकमताने सांगितलं. रक्तदाब असलेल्यांनी अशा गोळ्या विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

काही गोष्टींत मात्र नोंद ठेवत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा: डोळ्याभोवती सूज किंवा लाली, डोळा पुढे आल्यासारखा, एकाच्या दोन वस्तू दिसणं, कपाळावर मऊ सूज, मान आखडून तीव्र डोकेदुखी, गुंगी किंवा बरळणं. मधुमेह आटोक्यात नाही किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत, आणि गाल बधिर झालाय किंवा नाकात काळी खपली दिसतेय, तर तासही वाया घालवू नका; ती बुरशी असू शकते. डोक्याला मार लागल्यानंतर वाकलं की एकाच नाकपुडीतून पाण्यासारखा स्वच्छ थेंब गळत असेल तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. एकाच बाजूने वारंवार रक्त येत असेल तर तेही लवकर दाखवायचं.

बाकी, नोंद घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि अ‍ॅलर्जीची त्वचेवरची चाचणी करायची का ते विचारा. ठरली तर शिंकांच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटी कोरी येते. नाकातला स्प्रे थांबवायची गरज नाही. दमा असेल, किंवा शिंकांसोबत रात्री खोकला आणि छातीत घरघर होत असेल, तर ते चाचणीच्या आधी सांगा.